विडीचा धूर, डीएनएवरच्या खुणा आणि सहा वर्षांच्या मुलाची चाचणी

निपाणीजवळच्या एका गावातून एका ताईंचा प्रश्न आलाय. सासरे सोप्यात बसून दिवसभर विड्या ओढतात. सासूबाई घरीच विड्या बांधतात. सहा वर्षांचा मुलगा शाळेतून आला की आज्ज्याच्या मांडीवर. ताईंना स्वतःला पाचवा महिना आहे. दुसऱ्याच्या धुरानं मुलांच्या डीएनएत बदल होतात अशी बातमी त्यांनी मोबाइलवर वाचली आणि लगेच खाली मेथिलेशनची, म्हणजे डीएनएवरच्या अशा खुणा मोजणारी, चाचणी घरपोच करून देणारी जाहिरात दिसली. मुलाची चाचणी करावी का, हे बदल कायमचे असतात का, आणि पोटातल्या बाळाचं काय, असं त्या विचारतायत.

ताई, आधी सरळ सांगते. ही चाचणी करू नका. बातमी खोटी नाही, पण ती जे सांगते आणि जाहिरात जे विकते, त्यात मोठं अंतर आहे. मी बेळगावात छातीचे विकार बघते. त्याआधी काही वर्षं मेथिलेशन मोजणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलंय, त्यामुळं हे आकडे कसे तयार होतात ते जवळून पाहिलंय. तुमच्या प्रश्नाखाली मला दुसराच एक प्रश्न दिसतो: घरातला धूर थांबवायला हातात काहीतरी कागद हवाय, जो सासऱ्यांपुढं ठेवता येईल. तो कागद ही चाचणी देऊ शकत नाही, आणि का देऊ शकत नाही हे समजून घेतलंत तर पुढचं सोपं जाईल.

डीएनएची अक्षरं चार. त्यातल्या 'सी' या अक्षरावर, मुख्यतः जिथं त्याच्या पुढं 'जी' असतं तिथं, एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा छोटासा गट चिकटतो. हेच मेथिलेशन. अक्षर तेच राहतं, मजकूर तोच राहतो. फक्त आसपासचा जनुक किती वापरला जाईल हे काही अंशी या गटावर ठरतं. म्हणजे तुमच्या मुलाला आईवडिलांकडून मिळालेला मजकूर आज्ज्याच्या विडीनं पुसलेला नाही. (धुरात मूळ अक्षरंच बिघडवणारी रसायनंही असतात आणि कॅन्सरचा संबंध मोठ्या प्रमाणात त्यांच्याशी आहे. पण तुम्ही वाचलेली बातमी त्याबद्दल नव्हती.)

धुराची सगळ्यात ठळक खूण पाचव्या गुणसूत्रावरच्या एएचआरआर नावाच्या जनुकावर सापडते. ती तिथंच का, हे मला नेहमी रंजक वाटतं. तंबाखू, लाकूड, पाचट, काहीही अर्धवट जळलं की बेन्झोपायरीनसारखी रसायनं तयार होतात. ती पेशीत शिरली की तिथला एक ग्राहक प्रथिन त्यांना पकडतो आणि ती निकामी करायची यंत्रणा चालू करतो. ही यंत्रणा बेफाम सुटू नये म्हणून जो लगाम आहे, तो एएचआरआर. धूर वारंवार आला की लगामही वारंवार लागतो, आणि त्या जनुकावरच्या एका ठरावीक जागेचे मेथिल गट कमी होत जातात. म्हणजे यातला बराच भाग शरीरानं धुराला दिलेल्या उत्तराचा आहे.

स्वतः ओढणाऱ्यांत हा फरक इतका मोठा असतो की रक्ताचा थेंब पाहून माणूस ओढतो की नाही याचा चांगला अंदाज बांधता येतो. २०१६ साली १६ गटांतल्या १५,९०७ लोकांचं रक्त एकत्र तपासलं गेलं. अगदी कडक कसोटी लावूनही २,६२३ जागांवर फरक दिसला. विडी-सिगरेट सोडलेल्यांत यातल्या बहुतेक जागा साधारण पाच वर्षांत जवळजवळ पूर्ववत झालेल्या दिसल्या, तर थोड्या जागांवर ३० वर्षांनंतरही खूण शिल्लक होती.

दुसऱ्याचा धूर घेणाऱ्यांवरचं काम त्या मानानं नवीन आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या हृदयविकार-अभ्यासातल्या लोकांत असं दिसलं की बंद जागेत जितके तास दुसऱ्याचा धूर, तितकं एएचआरआरचं मेथिलेशन किंचित कमी. तुम्ही वाचलीत ती बातमी बहुधा २०२५ची. बार्सिलोनाच्या आयएसग्लोबल या संस्थेच्या पुढाकारानं झालेल्या त्या अभ्यासात ७ ते १० वर्षांची २,६९५ मुलं होती, आणि घरातल्या धुराशी जोडलेल्या ११ जागा सापडल्या. त्यातल्या बऱ्याच जागा याआधी स्वतः ओढणाऱ्यांत किंवा गरोदरपणी ओढणाऱ्या आयांच्या बाळांत सापडलेल्याच होत्या. मला हा अभ्यास विश्वासार्ह वाटतो, आणि दिशा बरोबर वाटते.

आता चाचणी का नको ते. मेथिलेशनचा आकडा टक्क्यात येतो. रक्तात लाखो पेशी असतात, त्यातल्या किती प्रतींवर त्या जागी गट आहे, ते मोजायचं. कधीच न ओढणाऱ्या माणसात एएचआरआरच्या त्या जागेवर साधारण ८५ ते ९० टक्के असतं. भरपूर ओढणाऱ्यात ते ६० किंवा त्याच्याही खाली जातं. दुसऱ्याच्या धुरानं पडणारा फरक मात्र फार लहान, एखाद-दुसऱ्या टक्क्याच्या घरातला. समजा तुमच्या मुलाचा आकडा ८६ आला. धूर नसता तर तो ८७ असता का? ८५ असता का? हे सांगायला आपल्याकडं काहीच नाही. एकच नमुना दोनदा यंत्रात घातला तरी टक्का-दोन टक्क्यांचा फरक येऊ शकतो. त्यातच मुलाला त्या आठवड्यात सर्दी-ताप असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं आपसातलं प्रमाण बदलतं, आणि प्रत्येक प्रकारच्या पेशीचं मेथिलेशन वेगळं असल्यामुळं आकडाही हलतो. जीपीआर१५ नावाच्या जनुकाच्या बाबतीत तर हेच उघड झालं. ओढणाऱ्यांत तिथं दिसणारा फरक मुख्यतः एका विशिष्ट प्रकारच्या टी-पेशी रक्तात वाढल्यामुळं होता. घरपोच चाचण्या बहुधा थुंकी मागवतात. तिच्यात गालाच्या आतल्या पेशी आणि पांढऱ्या पेशी मिसळलेल्या असतात, आणि ते मिश्रण दर वेळी वेगळं.

हजारो मुलांची सरासरी काढली की हे हेलकावे एकमेकांना खातात आणि मागचा बारीक फरक उरतो. एका मुलात हेलकावाच मोठा आणि फरक लहान. शिवाय 'या वयाच्या मुलात इतकं म्हणजे नॉर्मल' असा मान्य तक्ता आपल्या भागातल्या मुलांसाठी नाही. या विषयातले बहुतेक मोठे अभ्यास युरोप-अमेरिकेत झालेत, आणि काही जागांचं मेथिलेशन माणसाच्या आनुवंशिकतेवरही अवलंबून असतं. जाहिरातवाले अहवालात रंगीत पट्टी छापून देतील, हिरवी-पिवळी-लाल. ती पट्टी कशावरून काढली, हे त्यांना विचारा.

आपल्याकडची आणखी एक अडचण आहे, ती त्या अभ्यासांत फारशी येत नाही. घरात गॅस असला तरी अंघोळीचं पाणी चुलीवर, जळण म्हणजे लाकूड, पाचट, कधी तुराट्या. हंगामात गुऱ्हाळाचा धूर, ऊस गेल्यावर रानात पेटवलेला पाला. यातही तीच अर्धवट जळालेली रसायनं. एखादी म्हातारी तव्यावर मशेरी भाजत असेल तर तीही त्यात. एएचआरआरला हा धूर विडीचा की पाचटाचा, हे कळत नाही. उलट, न जळणाऱ्या तंबाखूची खूण तिथं उमटत नाही. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायची ओली तंबाखू वापरणाऱ्यांत २०१४ साली हेच पाहिलं गेलं. ओढणाऱ्यांत मेथिलेशन बदललेलं, नुसती तंबाखू ठेवणाऱ्यांत तसं काही नाही.

मग कोटिनिनची चाचणी करावी का, असं एखादा डॉक्टर सुचवेल. कोटिनिन म्हणजे निकोटिन शरीरात मोडल्यावर तयार होणारा पदार्थ. त्याचं प्रमाण साधारण १६ ते २० तासांत निम्म्यावर येतं, म्हणून गेल्या दोन-तीन दिवसांत शरीरात निकोटिन किती आलं ते लघवीतून कळतं. शहरातल्या, तंबाखू न हाताळणाऱ्या घरात ही चाचणी चांगली. पण तुमच्या घरात सुपात तंबाखू आहे, जमिनीवर तिचा खकाणा आहे, आणि निकोटिन कातडीतूनही आत जातं. मुलगा सुपाशी खेळला तरी कोटिनिन वाढेल. म्हणजे एक चाचणी चुलीनं फसते आणि दुसरी सुपानं. धुराचा हिशेब करायला तुमच्या घरात दोन्ही मापं बिनकामाची.

आता 'कायमचं' या शब्दाबद्दल. चुलीवरची भिंत काळी झाली की घरात किती जाळ होतो ते कळतं, पण घरच्यांना खोकला त्या काळ्या रंगानं येत नाही. मेथिलेशनच्या पुष्कळशा खुणा याच जातीच्या आहेत. धूमपान आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांच्या मधली कडी म्हणजे हे मेथिलेशनच का, हे २०१९ साली आनुवंशिक पद्धतीनं तपासलं गेलं, आणि तसा पुरावा फारसा मिळाला नाही. खूण राहिली म्हणून आजार होणार असं नाही, आणि खूण गेली म्हणून धुरानं केलेलं सगळं भरून निघालं असंही नाही. मोठ्या माणसात सोडल्यावर बहुतेक खुणा ओसरतात, हे वर आलंच. मुलात त्या मुळातच बारीक असतात.

पोटातल्या बाळाच्या बाबतीत मात्र मी थोडी जास्त सावध असते. आई स्वतः गरोदरपणी ओढत असेल तर बाळाच्या नाळेतल्या रक्तात स्पष्ट खुणा मिळतात. २०१६ च्या एका एकत्रित अभ्यासात १३ गटांतली ६,६८५ बाळं होती आणि सहा हजारांवर जागांत फरक होता. इंग्लंडमधल्या एका गटात यातल्या काही खुणा मूल १७ वर्षांचं होईपर्यंत टिकलेल्या दिसल्या. तुम्ही ओढत नाही, त्यामुळं हे आकडे स्वतःला लावून घेऊ नका. आईनं दुसऱ्याचा धूर घेतला तर मेथिलेशनवर काय होतं, याबद्दलचे निष्कर्ष कमी आणि एकमेकांशी पूर्ण न जुळणारे आहेत. पण दुसऱ्याच्या धुरानं बाळाचं जन्मवजन किंचित घटतं, आणि जन्मल्यावर धुराच्या घरात छातीचे आजार, कानाचे आजार, दम्याचे झटके वाढतात, बाळ झोपेत अचानक दगावण्याचा धोकाही वाढतो. एवढ्यावर वैद्यकाचं केव्हाच एकमत झालंय. यासाठी डीएनएची साक्ष लागत नाही.

थोडक्यात आतापर्यंत: धुराची खूण उमटते हे खरं, गटात ती दिसते, एका मुलात वाचता येत नाही, आणि वाचता आली तरी करायचं तेच राहतं. ते काय, ते आता.

या घरात कुणाची तपासणी करायचीच असेल तर ती सासऱ्यांची करा. आयुष्यभर विडी ओढलेल्या माणसाची फुंकर मारायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, स्वस्त असते, लगेच होते आणि तिच्या उत्तरावर औषध देता येतं. मी अनेकदा पाहते की माणूस स्वतःच्या फुंकरीचा आलेख बघतो आणि तिथं पहिल्यांदा गप्प होतो. मुलाला वरचेवर खोकला असेल, रात्री छातीत शिट्टी वाजत असेल, धावल्यावर दम लागत असेल तर त्यालाही आणा. तसं काही नसेल तर त्याला सुई टोचायचं कारण नाही.

सासऱ्यांशी बोलायचं कुणी, हे तुमच्या घरावर अवलंबून आहे. सुनेनं बोललेलं बहुतेक घरांत उलटतं, तुम्हाला हे मी सांगायला नको. त्यांचा मुलगा बोलला तर बरं, त्यांची लेक माहेरी आली की ती बोलली तर आणखी बरं. नाहीतर माझ्यासारख्या कुणाकडं त्यांच्या खोकल्याचं निमित्त काढून आणा आणि बोलायचं काम आमच्यावर सोडा. डीएनएची बातमी त्यांना दाखवू नका. "म्हणजे माझ्या नातवाचं रक्त मीच बिघडवलं का?" असा एक आज्जा माझ्यापुढं बसून चिडला होता, आणि मग तासभर वाद विडीऐवजी रक्तावर झाला.

तंबाखूला नुसतं विष म्हणूनही भागत नाही. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूवर घरं उभी राहिलीत, मुलं शिकलीत. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी इथं महामार्ग अडवला होता, आणि सासऱ्यांच्या वयाच्या माणसाला ते दिवस आठवत असणार. पिकाला नावं ठेवली की कान बंद. त्यापेक्षा बोलणं जागेवर आणा: 'मामंजी, ओढायची तर ओढा, पण घरात नको.' ही मागणी लहान आहे म्हणूनच ती मान्य होते.

जागेबद्दल मात्र कडक राहा. सोप्याचं दार उघडं ठेवून, खिडकीशी बसून, पंखा लावून भागत नाही. सोप्यातला धूर माजघरात येतो. दुसऱ्याच्या धुराला 'इतका चालतो' अशी सुरक्षित पातळी नाही आणि खेळत्या हवेनं तो पूर्ण जात नाही, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय. जागा घराबाहेर, दारापासून लांब हवी. आणि ती पावसाळ्यात टिकणारी हवी, नाहीतर जूनमध्ये सगळं पुन्हा सोप्यात येईल. गोठ्याकडच्या बाजूला पत्रा आणि एक बाकडं टाकून दिलंत की बरेच आज्जे तिथं रमतात, कारण सोबतीला शेजारचे येतात. नातवाला तिथं पाठवायचं नाही, काडेपेटी आणायलासुद्धा. ओढून आल्यावर हात-तोंड धुऊन, अंगावरचा टॉवेल बदलून मगच मुलाला जवळ घ्यायचं. मुलगा आज्ज्याच्या गोधडीत झोपत असेल तर त्याची गोधडी वेगळी करा, धुराचा थर कापडात बसून राहतो.

ते म्हणतील, विडी पानाची, देशी, सिगरेटपेक्षा बरी. तसं नाही. विडीत तंबाखू कमी असते, पण ती विझू नये म्हणून जास्त झुरके मारावे लागतात, आणि तिच्या धुरात डांबर व कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा कमी तर नाहीच.

सोडायची तयारी दिसली तर राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत. निकोटिनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं, पण वयस्कर माणसाला हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारूनच. आणि एक लक्ष ठेवा: विडी सोडली म्हणून तंबाखू-चुना सुरू झाला, असं आपल्याकडं फार होतं. नातवाचा धूर थांबेल, आज्ज्याच्या तोंडाचा धोका मात्र तसाच राहील.

तुम्ही एकट्याच अशा घरात आहात असं समजू नका. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ३८.७ टक्के प्रौढांनी घरात दुसऱ्याचा धूर येतो असं सांगितलं. कर्नाटकात ओढणारे ८.८ टक्के होते आणि पलीकडं महाराष्ट्रात ३.८. तिकडं तंबाखू खाण्यावर भर, इकडं दोन्ही, आणि आपल्या सीमाभागात हे दोन्ही ओघ एका घरात येतात. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे, पण तुमच्या सोप्याला कायदा लागू नाही.

राहिला सासूबाईंच्या सुपाचा विषय. ते घरचं उत्पन्न आहे, त्यामुळं बंद करा असं मी म्हणणार नाही. पण बाळंतपण होईपर्यंत आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत तुम्ही स्वतः विड्या बांधायला बसू नका, तंबाखू चाळायला तर मुळीच नको. सूप आणि तंबाखूचा डबा स्वयंपाकघरापासून आणि तुमच्या झोपायच्या खोलीपासून लांब, शक्यतो पडवीत. काम झालं की कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसून घ्या, म्हणजे खकाणा उडत नाही. सासूबाईंनी बाळाला घेण्याआधी साबणानं हात धुवावेत आणि लुगड्यावरून एक धुतलेला पंचा टाकावा. पुढच्या वेळी गरोदरपणाच्या तपासणीला जाल तेव्हा घरात विड्या ओढल्या जातात आणि बांधल्याही जातात, हे दोन्ही डॉक्टरांना सांगा, कारण तुम्ही न ओढणाऱ्या म्हटल्यावर हे कुणी विचारत नाही.